आतली कडी

पेडण्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मावशी-भाची बोलत होत्या.

"पार्श्याला काकाच्या घरी गेल्लीस? लहानपणी तो तुला कोंडायचा त्या फेणीच्या भट्टीच्या खोलीत?"

"हो, मावशी."

"अगो, काजूच्या बोंडवांचा वास आला तरी धाप लागायची तुला!"

"म्हणून तर वर्षभर रोज वहीत त्याबद्दल लिहीत होते. बोंडू खाल्ला म्हणून कोंडलं, काळोख, भायरचं त्याचं हसणं. सगळं लिहिलं, सुटकेचं पान सोडून."

"ते का गो?"

"दार नेहमी तोच उघडायचा ना! काल त्याच खोलीत जाऊन मी आतून कडी घातली, बसून ते पान सावकाश लिहिलं नि मीच दार उघडलं."

"काका होता?"

"दारातच उभा. विचारतो, आत काय करतेस?"

"मग?"

"म्हटलं, काका, वाटेतून बाजूला हो."

"झाला?"

"झाला!"