ताटाच्या काठावरचं नाव

हॅलो?… हां मामा, जय भीम… बोला ना. जरा मोठ्यानं बोला, इकडं कुकर लागलाय… पिंकी, गॅस बारीक कर गं… हां, बोला.

कुठं आहात?… चाकणला? कांदे घ्यायला ना?… सराफाकडं? सराफाकडं कशाला?

मामींची बोरमाळ?… माझ्यासाठी मोडताय?… कुणी सांगितलं तुम्हाला?… प्रितमनं. या माझ्या पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मामा, ऐका. माळ काट्यावर ठेवली का?… मग उचला. शेठना म्हणावं, भाचीशी बोलतोय, जरा थांबा… नाही, मोडायची नाही. गरजच उरली नाही. मिटलं ते, काल संध्याकाळीच मिटलं.

खोटं कशाला बोलू?… हो, मान्य, मी लहानपणापासून दुखलं तरी सांगत नाही. पण हे खरंच मिटलंय… शपथ काय घालता या वयात? बरं, सगळं सांगते. तोवर माळ हातातच धरा.

पोलीस? पोलीस कुठले हो. नोटीस होती, तीही फोनवर आलेली. आहे कुठली तरी कंपनी. इंटरनेटवर कुणी कुठला फोटो लावलाय ते शोधायचं आणि त्याला गाठायचं, हाच धंदा. 'फोटो आमच्या मालकीचा, न विचारता वापरलात, पन्नास हजार भरा, नाहीतर कोर्टात खेचू.' खाली वकिलाचा शिक्का, लाल अक्षरं, सगळं इंग्रजीत.

थाळीचा हो. आपल्या डब्यांची जाहिरात आहे ना फेसबुकवर, त्यातला… हो, तोच. रस्सा, भाकरी, ठेचा, भात आणि कांदा.

चोरला कुठं? मीच काढलाय, आमच्या ओट्यावर. पण तो फोन कधीच गेला भंगारात. आपला आहे हे आपल्याला माहीत, दुसऱ्याला दाखवायचं कसं? आणि त्यांच्या वेबसाइटवर तोच फोटो विकायला ठेवलेला. माझ्याच पानावरून उचलला आणि मलाच नोटीस. चोराच्या उलट्या बोंबा.

घाबरले ना मामा. रोज फोन यायचा त्या कंपनीच्या माणसाचा. काळेवाडीची वर्षाली, केकवाली, तिलाही अशीच नोटीस आलेली, तिनं तर भरून पण टाकले. तिनं फोटो घेतला होता इंटरनेटवरून, नाही म्हणत नाही, पण एका केकच्या फोटोला एवढे?… मी जाहिरातच काढून टाकली. नवीन डबा एक नाही आला त्यानंतर. ताथवड्याची कॉलेजची पोरं विचारायला लागली, मावशी, बंद केलं का? म्हटलं, करावंच लागेल आता. पीठ मळायच्या मशिनसाठी साठवलेले त्यांना देऊन मोकळी होणार होते, एवढी कंटाळले.

मग काय? मग तुमचं ताट धावून आलं.

ताट मामा. तुम्ही लग्नात दिलेलं. त्या फोटोत तेच ताट आहे. मोठं आहे ना, सगळं सुटसुटीत बसतं त्यात… हो, अजून वापरते की. रोज.

काठावर काय कोरलंय, आठवतंय?

अहो, चिडवत नाहीये. आज नाही चिडवत.

हो, तुमच्या कारखान्यातल्या टूलरूमच्या मशिनवर, शिफ्ट सुटल्यावर, माहितीये मला. आधी स्वतःचंच नाव घातलंत, केवढं मोठं. 'कोंडीराममामाकडून' एवढ्यातच अर्धा काठ संपला. मग 'सप्रेम भेट'. आणि माझ्या नावाला जागाच उरली नाही. 'प्रभा' काठावर आणि 'वती' खाली तळाला… हो, सासूबाई म्हणाल्या होत्या, नवरीचं नाव काय, कोंडीराम का? सगळा मांडव हसला. आणि तुम्ही त्या दिवशी न जेवता गेलात. मामींनी सांगितलं होतं मला.

तेच सांगतेय, ऐका ना. फोटोत ते नाव उलटं आलंय, पलीकडच्या बाजूला. म्हणून कुणाला दिसलंच नाही, प्रितमला नाही, मला नाही. परवा नोटिशीतला फोटो बघत बसले होते, रडू येत होतं. फोन ओट्यावर ठेवला आणि पलीकडून तेलाची बरणी घ्यायला गेले. तिथून नजर पडली. सरळ दिसत होतं मामा. झगझगीत. कोंडीराममामाकडून.

हसले मी. एकटीच हसत होते. पिंकीला वाटलं, आत्याचं डोकं फिरलं.

मग काल फोन लावला त्या माणसाला. या वेळी मीच लावला. म्हटलं, साहेब, फोटो कुठं काढला? म्हणाला, आमच्या स्टुडिओत. म्हटलं, मग ताटाच्या काठावर काय लिहिलंय? म्हणतो, डिझाइन आहे ते.

डिझाइन म्हणाला मामा तुमच्या अक्षराला.

मग मी वाचून दाखवलं सगळं, 'प्रभा' पर्यंत. आणि म्हटलं, उरलेलं 'वती' खाली तळाला आहे, तुमच्या फोटोत नाही, माझ्या घरात आहे. कोर्टात बोलवा, मी ताट घेऊन येते. तुम्ही तुमचा स्टुडिओ घेऊन या.

फोन कट केला त्यानं. संध्याकाळी दोन ओळी आल्या, 'प्रकरण बंद केले आहे'. त्यांच्या वेबसाइटवरून फोटो गायब. प्रितमनं सगळं जपून ठेवलंय आधीच. उद्या वर्षालीला घेऊन सायबर पोलिसांत तक्रार देणार आहोत. तिचे परत येतील न येतील, पण बाकीच्या बायकांना तरी कळू दे… जाहिरात? लावली की रात्रीच, तोच फोटो. सकाळपासून चार फोन आले.

आता पटलं?… मामा?… अहो, रडताय का?… बरं, धूळ गेली असेल. चाकणला धूळ असतेच.

ऐका. नाव मोठं घातलंत म्हणून वाचले मी. नीट लहान अक्षरात घातलं असतं ना, सगळं काठावर मावलं असतं, तर रेघच दिसली असती नुसती. आणि तळाला काही उरलं नसतं दाखवायला… हो, म्हणते मी. हवं तर सासूबाईंना पण ऐकवते.

काय?… शेठना बघायचाय? पाठवते, तुमच्या फोनवर नीट दिसणार नाही, त्यांचा नंबर सांगा… हां… हां… गेला बघा. त्यांना म्हणावं, उलटा धरून बघा.

आधी माळ खिशात घाला मामा. आतल्या… घातली?… आणि इकडंच या जेवायला. त्याच ताटात वाढते. त्या दिवशीचं राहिलंय तुमचं.

काय म्हणतात शेठ?… अक्षर कुणाचं, विचारतायत?

मग सांगा की.

मामा?… फोन चालूच आहे तुमचा… पिंकी, हळू गं, ऐकू दे… हां… टूलरूमपासून सुरू केलं त्यांनी.

सांगा मामा, सावकाश सांगा. ठेवते मी.