रबरी बूच आणि तांब्याची भुकटी

बाटल्या धुणाऱ्या बाईचं कोण ऐकतं, असं मला सांगू नका. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायचे आणि साहेबांची पुस्तकं त्यांच्यासमोर बसून वाचायचे. साहेबांना खोबरेलापासून केलेल्या एस्टर नावाच्या रसायनाचं अल्कोहोल करायचं होतं. क्रिया घडवून आणायला तांब्याची भुकटी घालून बंद यंत्रात हायड्रोजन सोडला, तरी तो खपेना, दाबाचा काटा हलेना. दोनदा फसलं. आता फसलं तर काम बंद, असा वरून निरोप आला.

मी विचारलं, "साहेब, एस्टरच्या बाटल्यांना रबरी बुचं कोणी लावली?"

"मीच. का?"

"रबर गुंडाळलेली चांदीची वाटी काळी पडते. रबरातलं गंधक. बुचातून ते एस्टरमध्ये उतरलं, तुमच्या तांब्यालाही तेच बाधलंय."

"हे तुम्ही मला सांगताय?"

"दुसरं कोणी सांगेना, म्हणून."

साहेबांनी नवं एस्टर केलं, नवी भुकटी घेतली, काचेची बुचं लावली. दुपारी काटा उतरू लागला. हायड्रोजन खपत होता.

काट्यावरची नजर न काढता साहेब म्हणाले, "बाई, उद्यापासून हे यंत्र आपण सांभाळायचं. पण मग बाटल्या कोण धुणार?"

"आपण धुवा. शिकवीन मी."