एक विमान पुरं करायचं होतं

नाय नाय, हसू नका, तुमी असे हसता म्हणून तर मी कुणाला सांगत नाय! माणूस दारू प्यायला तर गाव समजून घेतं, पत्ते कुटत बसला तरी समजून घेतं, पण चाळिशी उलटलेला माणूस पडवीत मांडी घालून प्लास्टिकचं विमान जोडायला बसला, की येणारा-जाणारा त्याच्या बायकोकडे बघून 'च्च' करतो. का बाबा? मी काय कुणाचं घोडं मारलं? तुमाला सांगतो, मला दुसरं काय नको होतं. मला एक विमान पुरं करायचं होतं, बस.

आता विमान म्हणजे काय, तर हे एवढं, वीतभर. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. परदेशी माल. माझा नामाकाका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, तेव्हा मुंबईला गोदीत कामाला होता. मी सातवी पास झालो म्हणून त्यानं ते आणलेलं. तेव्हा आमच्या शहापुरात पोरं टायर फिरवायची, टायर, आणि ह्या बुधूकडे लढाऊ विमान! खोक्यावर चित्र असं की बघत राहावं... विमान तिरपं झालंय, बंदुकीतून जाळ निघतोय, मागं धूर. आणि खोकं उघडलं तर आत काय? काड्या! करड्या रंगाच्या काड्या आणि त्यांना लोंबणारे तुकडे. मी घाईघाईनं विमानाच्या पोटाचे दोन अर्धे एकमेकांना चिकटवून मोकळा झालो, आणि बघतो तर पायलट बाहेर. त्याला आधी बसवायचा होता! मंग वरच्या भोकातून त्याला आत ढकलला, तर हा पठ्ठ्या खुर्चीवर बसायचा सोडून घसरत गेला थेट शेपटीत. हलवलं की खुळखुळ, खुळखुळ. बाप म्हणाला, खुळखुळा झ्याक झालाय, ठेव आता, भात पेरायला चल. ठेवलं. ते माळ्यावर गेलं आणि तिथंच राहिलं.

आता दुसरा कुणी असता तर विसरला असता. पण नामाकाका विसरेल तर शपथ! गोदी सुटली, काका परत गावाला गेला, मुरबाडकडं सिद्धगडाच्या पायथ्याला आमचं मूळ गाव आहे तिथं. पण भेटला की एकच विचारणार. "बुधू, विमान झालं काय रे?" माझं लग्न लागलं, मी कंपनीत फिटर म्हणून चिकटलो, घराला स्लॅब पडला, त्याचं त्याला काय कौतुक नाय. मुरबाडच्या बाजारात भेटला, विमान झालं काय. कुणाच्या साखरपुड्यात भेटला, विमान झालं काय. अहो, माझा बाप गेला, तेराव्याला सगळे रडतायत, काकानं जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं आता धीर देईल, मीही डोळ्याला रुमाल लावला, आणि हा कानाशी वाकून म्हणतो, "विमान झालं काय?"

मी आपला दरवेळी, होईल काका, करतो काका. पण यंदा आषाढात त्याच्याकडे गेलो तर काका उंबऱ्यावर बसलेला आणि मी अंगणात येईपर्यंत त्याला मी कोण ते कळेना. एक डोळा पार गेला होता, दुसऱ्याचंही डॉक्टरनं सांगितलेलं की आता हा फार टिकायचा नाय. मला वाटलं, आज तरी विमान राहू दे. तर माझा हात धरून म्हणाला, "दसऱ्याला तुझ्याकडं येतो. दिसतंय तवर दाखव."

आता सांगा, माणसानं काय करावं? माळ्यावर नाय चढावं?

चढलो. खोकं सापडलं. खोक्यात उंदरांनी संसार थाटलेला. विमान कसं जोडायचं त्याचा जो कागद होता तो सगळा खाल्लेला, शेवटचं चित्र तेवढं शाबूत... झाल्यावर विमान कसं दिसेल ते! म्हणजे करायचं कसं ते उंदराच्या पोटात, आणि झाल्याचं सुख माझ्या हातात. म्हटलं, हरकत नाय, आपण फिटर माणूस, कंपनीत चौघांना न हलणारा पंप एकटा बसवतो, हे काय प्लास्टिक! मला एक विमान तर पुरं करायचं होतं.

पहिलं काम, पायलटला शेपटीतून बाहेर काढणं. सुरी चुलीवर तापवली आणि पोट चिरलं. पोट उघडलं झकास, पण सुरी गेली पायलटच्या तोंडावरून. बिचारा एवढी वर्षं काळोखात पडलेला, उजेडात आला आणि आल्या आल्या नाक गेलं! आमची राही, बायको हो माझी, दारात उभं राहून बघत होती. म्हणाली, "झालं काय सिझर? बाळ बरं हाय ना?" आणि गेली आत. अशा घरात माणसानं कला करायची.

मंग चिकटवणं. जुनी ट्यूब दगड झालेली. बाजारातून तो झटपट चिकटणारा गम आणला. झटपट म्हणजे किती झटपट, तर पंखाला लावायच्या आधी माझा अंगठा आणि बोट चिकटलं! हे असं, चिमूट धरल्यासारखं. आणि दिवस कुठला? गणपतीचा! शेजारच्या ताराबाईंकडे आरतीला बोलावणं, नाय म्हणता येत नाय. गेलो. आरतीला एका हातानं मांडीवर टाळी दिली, भागलं. पण नंतर मंत्रपुष्पांजली! सगळ्यांनी चिमटीत अक्षता घेतलेल्या, शेवटी सगळ्यांनी टाकल्या, आणि माझी चिमूट तशीच वर. ताराबाई म्हणतात, टाक रे, बुधू. मी नुसता हात हलवतो. देवासमोर ताटकळायला लावतोस काय रे, टाक की. आता काय टाकू? माझं बोट टाकू? शेवटी राहीनं सगळ्या आळीसमोर सांगितलं की यांचा हात विमानाला चिकटवायच्या गमानं चिकटलाय. त्या दिवसापासून आळीतली पोरंटोरंसुद्धा मला बघून चिमूट दाखवतात.

रंगाचं तर बोलूच नका. दुकानदार विचारतो, गेटला पायजे की खिडकीला? मी म्हटलं, विमानाला. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, बाहेरचा दे रे यांना, पावसात टिकणारा.

आणि पंखा! विमानाच्या नाकावर गरगर फिरतो ना, तो पंखा. तांदळाच्या दाण्याएवढी एकेक पात. राहीचा भुवयांचा चिमटा घेऊन मी तो पंखा धरलेला, जीव मुठीत घेऊन घासतोय, आणि चिमट्यातून सुटून टुण्णकन उडाला! विमान उडायच्या आधी पंखा उडाला! पडला कुठं, तर राही सुपात तांदूळ पाखडत होती तिथं, कोंबड्यांच्या घोळक्यात. मी 'नको, नको' म्हणेपर्यंत तांबड्या कोंबडीनं उचलला आणि गिळला. मंग काय, फिरलो तिच्या मागं. हसताय तुमी! पंखा परदेशी, तसा दुसरा शहापुरात मिळत नाय, आटगावात मिळत नाय, आणि काकाचा डोळा थांबत नाय. सकाळ-संध्याकाळ मी हातात काडी घेऊन कोंबडीच्या मागं, उकरत. राही म्हणाली, बायका विचारतात मला, तुझा माणूस कोंबडीत काय शोधतो? मी काय सांगू?

नाय मिळाला. ती कोंबडी अजून आहे. वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली की मला संशय येतो.

मंग मी पावडरच्या डब्याचं झाकण कापून नवा पंखा केला. कानशीनं घासून घासून, तासून तासून... आणि तुमाला सांगतो, फुंकर मारली की फिरायचा! खरंच फिरायचा! पायलट बसवला खुर्चीत, नाक नसलेला, पण ताठ. शेवटी राहिली ती चित्रं. पंखांवर गोल गोल शिक्के असतात ना विमानदळाचे, ते. ते कागदावर येतात, पाण्यात भिजवायचे की सुटतात, मंग अलगद सरकवून विमानावर बसवायचे. उंदरांच्या तोंडून वाचलेले, एवढे जुने, फाटतील, चुरा होतील... मी श्वास रोखून बसवले. एक नाय फाटला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विमान कपाटावर ठेवलं. राही आली, बघितलं आणि म्हणाली, "बरं दिसतंय." अहो, लग्नात मला सूट घातलेला बघून ह्या बाईला बरं दिसतंय म्हणवलं नव्हतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाज कसली. आयुष्यात एक गोष्ट तडीला गेली होती.

दसऱ्याला सकाळी काकाला आणायला एसटी स्टँडवर गेलो. जाताना एक चूक केली. आयला सांगितलं नाय.

आमची आय, सावळी तिचं नाव, ऐंशीला टेकली पण दसऱ्याचं पूजन दुसऱ्या कुणाला करू देत नाय. आमच्याकडं दसऱ्याला घरातलं एकूण एक हत्यार आणि वाहन पुजतात. कोयता, विळे, फाळ, माझे पाने, राहीची शिलाई मशीन, सायकल. आणि पुजायच्या आधी काय करतात? धुतात! चिंच लावून, काथ्यानं घासून, स्वच्छ धुतात.

कळलं ना? मी काकाला हाताला धरून दारात आणला आणि बघतो तर पाटावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, आणि मधोमध, मानाच्या जागी, माझं विमान! धुतलेलं! शिक्के सगळे गेलेले. एक कोयत्याच्या पात्यावर जाऊन चिकटला होता, कोयता जसा विमानदळात भरती झालेला. पंखांवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं. आणि गळ्यात झेंडूचा, भाताच्या लोंब्या ओवलेला हा एवढा हार! तो हार माझ्या सायकलला वाकवतो, विमानाचं काय घेऊन बसलात? एक पंख खाली आलेला. आणि नाकावरचा पंखा... पंखा नाय. मोडून हारात कुठंतरी गेलेला, नायतर निर्माल्यात.

मी म्हटलं, "आये, काय केलंस गो हे?"

आय म्हणाली, "वाहन हाय ना ते? सायकलला हार घालायचा आन् त्यानं काय पाप केलंय? सगल्यात जास्त तर तू त्याच्यावरच राबलास."

आता ह्यावर बोला! रागवायचं कुणावर? घरातल्या एकाच माणसानं माझ्या कामाला काम म्हटलं, आणि तिनंच ते धुऊन टाकलं! मला ओरडताही येईना. मला एक विमान पुरं करायचं होतं हो, फक्त एक, आणि तेही एकाच माणसाला दाखवायला.

काका खुर्चीत बसला. विमान हार काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं बऱ्या डोळ्याजवळ नेलं, पण दिसेना त्याला. मंग बोटांनी बघायला लागला. शेपटी चाचपली. पोटावर बोट फिरवलं. पायलटपाशी थांबला, हसला, म्हणाला, "आता बसलाय नीट." मी म्हटलं, नाक नाय काका त्याला. आणि बोट गेलं पुढं, विमानाच्या तोंडावर. "हितं पंखा असतो ना?"

आय हाराकडे बघते, राही माझ्याकडे, आणि अंगणात ती तांबडी कोंबडी कुर्रर्र करते.

मी म्हटलं, "राहिलाय काका. बसवायचा राहिलाय."

"मंग झालं नाय अजून," काका म्हणाला. रागानं नाय, आपला सहज. आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीतून त्यानं जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. खोकं! तसलंच, परदेशी, कोरं, न उघडलेलं. म्हणाला, "तवाच दोन घेतली होती. म्हटलं, एक पुरं केलंस की दुसरं देईन. म्हनून इचारत होतो रे दर टायमाला. आता मला थांबून चालायचं नाय, घेऊन ठेव."

एवढी वर्षं मला वाटायचं, हा म्हातारा मला टोचतोय. आणि ह्यानं ते खोकं ट्रंकेत जपून ठेवलेलं, माझ्यासाठी!

"पुढल्या दसऱ्याला येतो बघायला," काका म्हणाला. मी म्हटलं, काका, तेव्हा डोळे... तर म्हणाला, "हात हायत की."

मी खोक्यावरची धूळ पुसली. चित्रात भलं मोठं विमान, ढगांतून चाललेलं. झकास! मंग नीट बघितलं. ह्या पंखावर दोन इंजिनं, त्या पंखावर दोन. चार इंजिनं. चार पंखे!

मला एक विमान पुरं करायचं होतं हो... आता दोन झाली. राहीनं माझ्या खांद्यावरून ते चित्र बघितलं. पदर खोचला, अंगणात गेली आणि कोंबड्या कोंडून आली.