चकती काढलेला सेल

बाळ्याच्या टॉर्चचं तुम्हाला सांगितलं का? बाळ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. साधा मंगळवार होता, ऐरोलीला ऑफिसात मी डबा खात होतो, तेवढ्यात त्याने फोनवर आनंदाची बातमी दिली.

"दादा, टॉर्चचा नवा सेल चार्जरमदी बसत नवता. मागं एक चकती होती, ती सुरीनं उडवली. आता फिट बसलाय!"

घास हातातच राहिला. "अरे, ते प्रोटेक्शन सर्किट होतं! सेल भरला की तेच करंट तोडतं. तुझा चार्जर तर आपणहून थांबतही नाही, सेल पेट घेईल! कुठे लावलायस?"

"घरी, मासं धरायच्या जाल्यांच्या ढिगावर."

"काढ आधी!"

"मी लांब, मोऱ्याच्या बंदरावर हाय. घरी आई एकटीच, तिच्याकडं फोन नाय."

रिक्षाने सारसोळ्याला घरी पोचलो, तर आई दारातच उभी.

"सगली बाहेर, आनि बटन चालू! वीज फुकट येते काय? मी कवाच बंद केलं."

बाळ्याला कळवलं, तर म्हणतो, "म्हंजे सर्किट घरातच होतं!"

आम्ही दोघे पोट धरून हसलो. आई आता नाही. त्या दिवशी तिने घर वाचवलं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.