खोळीतली गाडी आणि सीमोल्लंघन

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एक सांगा — खरं कशाला म्हणायचं? जपून ठेवलेल्याला, की कामी आलेल्याला? घाई नाही. मागे खांबाला टेकलेले काका, तुम्ही झोपेतच विचार करा.

ऐका तर! गडहिंग्लजकडे बळवंतराव शिंत्रे नावाचे गृहस्थ. साखर कारखान्यातून निवृत्त. घरात वडिलांची विलायती स्पोर्ट्स कार — लाल, लांबलचक नाकाची, दोनच बैठका. लग्नात इंदुताईंना याच गाडीतून घरी आणलं आणि खोळ घातली. गाडीला! खोळ निघायची ती रविवारी, पुसण्यापुरती. इंजिन ठणठणीत, रंग मूळचा, बॅटरीसुद्धा मूळची — म्हणजे मेलेली. पण बदलली तर गाडी ओरिजिनल कशी राहील?

शेजारी त्यांचे मित्र हिंदुराव माने. त्यांनी तीच गाडी घरी बनवली. जुन्या जीपचं इंजिन, फायबरचं अंग, हुबेहूब. तिच्यातून मंडईतून मेथी आणायचे.

दर रविवारी चहावर वाद. बळवंतराव म्हणत, बहुरूप्यानं पोलिसाचा वेष केला म्हणून त्याला कुणाला अटक करता येते का? हिंदुराव म्हणत, अरे, गाभाऱ्यातली मूळ मूर्ती जागची हलत नाही. पालखीत बसून गल्लोगल्ली फिरते ती उत्सवमूर्तीच! तुझी गाभाऱ्यातली, माझी पालखीतली. वाद असा, पण चहाची बशी दोघांची एकच.

दसरा आला. हिंदुरावांच्या गाडीला झेंडूचे हार. बळवंतरावांनी मात्र हळदकुंकू वाहिलं खोळीला — रंगाला डाग नको! इंदुताईंची वर्षानुवर्षांची एकच इच्छा, सीमोल्लंघनाला या गाडीतून जायचं. दरवर्षी उत्तर ठरलेलं : पुढल्या वर्षी. यंदा त्यांनी विचारलंच नाही. नवी साडी नेसल्या आणि सरळ हिंदुरावांच्या गाडीत जाऊन बसल्या.

बळवंतराव दारातूनच म्हणाले, "अगं, ती नकली आहे."

"मी खरी आहे ना?" इंदुताई म्हणाल्या. "मग पुरे. चला भावजी."

मंडळी, गाभारा हलला! बळवंतरावांनी खोळ ओढून फेकली, किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. हिंदुराव उतरले, आपली बॅटरी काढून तिला जोडू लागले.

"बाळू, ओरिजिनल राहायची नाही हं."

"गप बस आणि नट आवळ."

फुर्र! इंदुताईंनी गाडी बदलली. आता हिंदुरावांची गाडी बंद. — ढकलता आली असती? पुढं बसलेल्या मेकॅनिकांनी आख्यानात बोलू नये. — ज्या चकचकीत बंपरला बळवंतराव बोट लावू देत नसत, त्याला त्यांनी स्वतः दोर बांधला. अस्सल पुढे, नक्कल मागे, इंदुताईंचा पदर मधोमध उडतोय, अशी वरात वेशीबाहेर पडली. आपट्याची पानं देताना कुणीतरी विचारलंच, यातली खरी कोणती? बळवंतराव म्हणाले, "बॅटरी त्याची, दोर माझा. तुम्हीच ठरवा."

हसलात? हसा. पण कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या आठवल्या की नाही? पाहुणे येऊन स्टीलच्या पेल्यात चहा पिऊन गेले! आणि देवाचं नाव? तेही खोळीतच — निवृत्तीनंतर घेऊ, निवांत घेऊ. तेव्हा बॅटरी असेल ना, बाबांनो?

उचला टाळ. आज, आत्ता, जसा असेल तसा गळा — बेसूर चालेल. काका, तुम्हीसुद्धा!