अपडेट चालू असताना मेन स्विचसमोर खुर्ची टाकून बसल्याबाबत

जबाब देणारीचे पूर्ण नाव वरच्या रकान्यात लिहून घेतले आहे, ओळखीचे सगळे बेबीताई म्हणतात. वय ५२ वर्षे, धंदा नोकरी (दातांच्या दवाखान्यात काउंटरवर), राहणार दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, बेकरीच्या वर, दुसरा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या आईसोबत राहते. दवाखाना डॉक्टरबाईंचा असून त्यांनी पहिली खुर्ची आणली तेव्हापासून मी तिथे कामाला आहे. पेशंटना वेळ देणे, आलेल्यांना बसवणे आणि घाबरून निघालेल्यांना थांबवून ठेवणे, हे माझे काम आहे. (हे शेवटचे तसेच लिहायचे का, असे हवालदारांनी विचारले. तसेच लिहावे.)

दवाखाना तळघरात आहे. खाली मोबाईलला रेंज येत नाही. फोन, इंटरनेट, एक्सरेचा फोटो स्क्रीनवर येणे, हे सगळे वायफायवर चालते. वायफायचे यंत्र छताला लावलेले असून ते पांढऱ्या ताटलीसारखे दिसते. नवीन पेशंट त्याला पंखा समजून त्याच्याखाली बसतात आणि वारा येत नाही म्हणून तक्रार करतात.

हे यंत्र डॉक्टरबाईंच्या भाच्याने बसवले. त्यानेच दाराला चुंबकाचे कुलूप लावले. ते कुलूप काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर क्लिक केले की सुटते. आतल्या बाजूला भिंतीवर एक बटणही आहे, परंतु तेसुद्धा वायफायवरच चालते हे मला घटनेच्या दिवशी कळले. जुने कडी-कुलूप भाच्याने काढून नेले. नोकरीसाठी परगावी जाताना तो डॉक्टरबाईंना म्हणाला, "आत्या, आता काउंटरवर माणूस नसला तरी काही अडत नाही." मी तेव्हा तिथेच उभी होते. त्याबाबत माझी काही तक्रार नाही.

घटनेच्या दिवशी दुपारी खुर्चीवर जे पेशंट होते त्यांना मी पंच म्हणते, कारण ते फुटबॉलचे पंच आहेत. त्यांची खालची दाढ काढायची होती. डॉक्टरबाईंनी त्यांना भुलीचे इंजेक्शन दिले आणि मुळाचा अंदाज घेण्यासाठी एक्सरे काढला. फोटो स्क्रीनवर आला नाही. नुसते चक्र फिरत राहिले. फोटोशिवाय दाढेला हात लावणार नाही, असे डॉक्टरबाई म्हणाल्या व त्यांनी भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला की यंत्राचे अपडेट राहिले आहे, फोन बेबीताईंकडे द्या.

तो मला म्हणाला, "बेबीताई, काही अवघड नाहीये. ब्राउझर उघडा. वरच्या पट्टीत मी सांगतो तो आकडा टाका. मधली टिंबं विसरू नका."

मी टिंबांसह आकडा टाकला. हे पान सुरक्षित नाही, परत फिरा, अशा अर्थाची लाल पाटी आली.

"परत फिरा म्हणतंय," मी म्हणाले.

"ते सगळ्यांनाच म्हणतं. पुढे जा."

पुढे पासवर्ड मागितला. भाच्याने पासवर्ड सांगितला. फोन स्पीकरवर होता. पासवर्ड म्हणजे डॉक्टरबाईंचे लहानपणी घरात घेतले जाणारे नाव आणि त्यापुढे एक दोन तीन, असा होता. ते नाव या जबाबात येऊ नये अशी डॉक्टरबाईंची विनंती आहे. पंचांना तोंड बधिर असतानाही हसू आले, एवढेच नमूद करते.

त्यानंतर पान उघडले. डावीकडे 'व्यवस्थापन' असा भाग होता. त्यात नवी आवृत्ती आल्याची खूण होती. भाच्याने सांगितल्यावर मी 'अपडेट करा' दाबले. पडद्यावर एक पट्टी आली आणि त्याखाली सूचना, की काम चालू असताना वीज बंद करू नये.

"हे मात्र नीट ऐका," भाचा म्हणाला. "मध्येच लाईट गेली तर यंत्राचा डबा होईल. मग मी येऊनही काही होणार नाही. तेव्हा काहीही झालं तरी..." इतक्यात यंत्राने वायफाय बंद केले व फोन तुटला.

फोटो यायला उशीर लागणार हे कळल्यावर पंच खुर्चीवरून उठले. त्यांचा खालचा ओठ बधिर असल्याने 'म'चा 'न' आणि 'ब'चा 'द' होत होता. ते मोठ्याने म्हणाले, "नाझी नॅच आहे! चार वाजता!"

मला 'नाच' ऐकू आले. पंचांचे वय व अंगकाठी बघता मी विचारले, "कसला नाच?"

त्यांनी शर्टाची वरची बटणे काढून आतला पंचांचा काळा टीशर्ट दाखवला. तेव्हा मला मॅच असल्याचे समजले. ती फायनल होती. दाढ उद्या काढू, असे ते हातवारे करून म्हणाले आणि दाराशी गेले. दार उघडले नाही. त्यांनी भिंतीवरचे बटण दाबले. मग मी कॉम्प्युटरवर बघितले. कुलपाचे चित्र राखाडी झाले होते. पट्टी अजून सुरुवातीलाच होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बेबी, मेन बंद कर. लाईट गेली की हे कुलूप आपोआप सुटतं. मागे गेली होती तेव्हा सुटलं होतं."

त्यांचे म्हणणे खरे होते. मेन स्विचचा बोर्ड काउंटरच्या शेजारी आहे. मी काउंटरची खुर्ची उचलली, बोर्डासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"बेबी, ऊठ."

"बाई, डबा होईल."

"होऊ दे. नवीन घेऊ."

"आणि तो काय म्हणेल? एवढंसं काम सांगितलं होतं, तेही धड जमलं नाही म्हणेल."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितले. मग त्यांनी हातमोजे काढून ट्रेमध्ये ठेवले आणि विचारले, "किती झालं?"

मी सांगितले, "चौदा टक्के."

"मग बस," असे म्हणून त्या पेशंटच्या बाकावर बसल्या. त्यांच्याविरुद्ध तक्रार असल्यास ती माझ्यावर घ्यावी.

पंचांनी मला उठवण्याचा प्रयत्न केला नाही. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी पिशवीतून पिवळे कार्ड काढले आणि नियमाप्रमाणे हात पूर्ण वर करून मला दाखवले. मी हलले नाही. त्यांनी घड्याळात बघितले, पुन्हा मला पिवळे कार्ड दाखवले आणि लगेच लाल. मी त्यांना सांगितले, "काका, बाहेर काढताय खरं, पण दारच उघडत नाहीये."

मग त्यांनी शिट्टी काढली. ओठ धरत नसल्याने हवा एका बाजूने निसटून जात होती. दोनदा नुसतीच लाळ गळाली. तिसऱ्या वेळी त्यांनी बोटांनी ओठ दाबून धरला आणि शिट्टी वाजली. तळघरात ती फारच मोठी वाजली. ती ऐकून त्यांच्या पत्नी जिना उतरून दाराशी आल्या. त्या बाहेर गाडीत थांबल्या होत्या, कारण त्यांनाही मॅचला जायचे होते. मॅचमधल्या एका संघाचे कप्तान त्यांचे सख्खे भाऊ आहेत.

दारातून झालेले बोलणे मला आठवते ते असे.

"अहो, किती वेळ? गाडी चालू ठेवलीय मी!"

"नला सुई टोचलीये! दार दंद आहे! ही दाई नला सोडत नाही!"

"कोण दाई? कसली सुई?"

त्यांनी घाबरू नये म्हणून मीही खुर्चीवरूनच ओरडून सांगितले, "काही नाही हो वहिनी, अपडेट चाललंय! झालं की सोडते!"

दार जाड आहे. त्यांना यातले शेवटचे तीनच शब्द ऐकू गेले, असे आता समजते. त्या धावत जिना चढून गेल्या. फिर्याद त्यांनी दिली ती अशी. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली असती.

त्यानंतर पट्टी बासष्ट टक्क्यांवर अडकली. बराच वेळ ती हलली नाही. पंच डॉक्टरबाईंच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी चार वाजून जाताना बघितले. मला वाटले ते आता चिडतील. परंतु त्यांनी बुटाच्या नाड्या सैल केल्या. मी त्यांना गालावर धरायला बर्फाची पिशवी दिली. मग आमचे थोडे बोलणे झाले. ते काय झाले हे मी या ठिकाणी सांगू इच्छित नाही, कारण त्यांच्या पत्नी टेबलाच्या पलीकडेच बसल्या आहेत. एवढेच सांगते की, मेहुणे कप्तान असले की पंचाला एक निकाल मैदानावर द्यावा लागतो आणि एक घरी, हे मला आधी ठाऊक नव्हते. बोलण्याच्या शेवटी पंचांनी विचारले, "आणखी किती?" मी म्हणाले, "सांगता येत नाही, काका. अडकलंय." त्यावर ते म्हणाले, "सावकाश होऊ दे." त्यानंतर त्यांनी दार उघडण्याची मागणी केली नाही. उलट डॉक्टरबाई एकदा बोर्डाकडे बघत उठल्या तेव्हा पंचांनीच त्यांना हाताने बसा म्हणून खूण केली.

पट्टी पुढे सरकू लागली त्याच सुमारास पोलीस आले. बाहेरून आवाज आला, "पोलीस! दार उघडा!"

मी म्हणाले, "आत्ता नाही उघडता येत!"

"आत किती जण आहेत?"

मला 'किती झाले' असे ऐकू आले. मी उत्तर दिले, "अठ्ठ्याण्णव!"

बाहेर हा आकडा एकाने दुसऱ्याला सांगितला. मग कोणीतरी जादा माणसे मागवा म्हणाले. त्यानंतर दुसरा आवाज आला की, जिन्याखाली मीटरची पेटी आहे, सगळ्या दवाखान्याची लाईट तोडा. ते ऐकून मी खुर्चीवरून उठून दाराला तोंड लावून ओरडले, "खबरदार हात लावाल तर! एका सेकंदात सगळं खलास होईल!"

हे शब्द माझेच आहेत. ते धमकीचे आहेत असे फिर्यादीत म्हटले आहे. ते यंत्राबद्दल होते. आपण एवढे ओरडू शकतो हे मला माहीत नव्हते. डॉक्टरबाईंनाही नव्हते.

बाहेरच्यांनी लाईट न तोडता दार तोडायचे ठरवले. आतमध्ये पट्टी शंभरावर गेली. छतावरच्या ताटलीचा दिवा आधी विझला, मग निळा लागला. कुलपाच्या चित्राला रंग आला. मी धावत जाऊन क्लिक केले. नेमके त्याच वेळी एक हवालदार खांदा लावून दारावर धावून येत होते. दार उघडे मिळाल्याने ते थांबू शकले नाहीत आणि काउंटर ओलांडून दाढांच्या मोठ्या नमुन्यावर पडले. तेच हवालदार आत्ता हा जबाब लिहून घेत आहेत. त्यांच्या कोपराला लागले त्याचे मला मनापासून वाईट वाटते. डॉक्टरबाईंनी त्यांचे दात फुकट तपासून दिले आहेत. दोन ठिकाणी कीड आहे.

पोलीस आत आले तेव्हा पंचांच्या दाढेचा फोटो स्क्रीनवर आपोआप आला. तो फारच स्वच्छ आला होता. मूळ वाकडे आहे. फोटो न बघता ओढली असती तर जबडा दुखावला असता, असे डॉक्टरबाईंनी सर्वांसमक्ष दाखवले.

मॅचचे म्हणाल तर, ती बदली पंचांनी खेळवली. पहिल्याच अर्ध्या तासात त्यांनी पंचांच्या मेहुण्यांना लाल कार्ड दाखवून बाहेर काढले, असे आमच्या पंचांच्या पत्नींना फोन आल्यावर आम्हा सर्वांना कळले. त्या म्हणाल्या, "हे असते तर असं झालं नसतं." पंच तोपर्यंत नीट बोलू लागले होते, परंतु त्यांनी माझ्याकडे बघितले आणि पाणी मागितले. माझ्यावर त्यांची वैयक्तिक तक्रार नाही, असे त्यांनी लिहून दिले आहे. त्यांच्या पत्नींची आहे.

मला विचारण्यात आले की, एका यंत्रासाठी तीन माणसे कोंडून ठेवणे योग्य वाटते काय. नाही वाटत. कोणाला दम लागला असता, चक्कर आली असती, तर मी स्वतः मेन बंद केला असता. तशी वेळ आली नाही. मी सगळा वेळ पंचांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मग पट्टीकडे, आळीपाळीने. दाराला जुने कडी-कुलूप परत लावायचे ठरले आहे, लोहार उद्या येणार आहे.

आणखी विचारल्यावरून सांगते की, यंत्र सध्या व्यवस्थित चालू आहे. पासवर्ड मी बदलला असून तो डॉक्टरबाईंना आवडला आहे. नव्या आवृत्तीत एक सोय आली आहे. पानावर एका चौकोनात बरोबरची खूण असते, ती ठेवली की यापुढची सगळी अपडेट यंत्र आपले आपण रविवारी करून घेते, माणसाची गरज पडत नाही. ती खूण मी काढून टाकली आहे. मला तसे कोणी सांगितले नव्हते.

हा जबाब हवालदारांनी एका हाताने टाईप करून मला मोठ्याने वाचून दाखवला. 'डबा' ऐवजी 'निकामी' लिहावे, असे त्यांनी सुचवले. मी ते मान्य केले नाही. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम उतरले आहे व खरे आहे, म्हणून खाली सही करते.