मास्तरांचं 'ये' नैरोबीला पोचेना

हं, टाळ जरा खाली ठेवा, मंडळी! एक विचारतो, खरं सांगा. मनातल्या मनात एखाद्याला माफ केलं — अन् त्याला ते कळलंच नाही — तर ती माफी झाली का हो? नुसत्या माना डोलवू नका! ऐका.

राजापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गाव. मोबाईलला रेंज म्हणाल तर नावाला नाही! तिथं त्र्यंबकराव लळीत, रिटायर्ड मास्तर, एकटेच. घरात इंटरनेटवर चालणारा फोन. मुलगी शुभदा नैरोबीला. तिनं नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा मास्तर कडाडले — "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!" दोन वर्षं झाली. आतून विरघळले होते हो! पण सांगतील कसे? मास्तर ना ते!

आली खंडेनवमी. कोयता, विळी, सायकल — सगळ्यांची पूजा. मग फोन चालवणाऱ्या इंटरनेटच्या राऊटरनं काय घोडं मारलंय? लावलं त्यालाही हळदकुंकू! थोडं कुंकू गेलं मागच्या बारक्या भोकात. मास्तरांनी उदबत्तीची काडी घातली, चांगली दाबून धरली, साफ केलं. राऊटरचे दिवे गेले, परत आले. मास्तरांनी हात जोडले! पेटीवाले, हसू नका, तुमच्या पेटीलाही कुंकू आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा. फोन वाजला.

"बाबा, मी घरी येऊ का?"

"ये! अगं, आजच्या आज ये!"

"बाबा? बोला ना काहीतरी."

"बोलतोय! ये म्हणतोय!"

"कळलं मला, बाबा." ठेवला की हो फोन!

मास्तर चक्रावले. तिचं मला ऐकू येतं, माझं तिला जात नाही — हा कुठला न्याय? यांनी उलट फोन लावला. ती म्हणते, "बोलायचं नाही तर फोन कशाला करता?" झालं! राऊटर बंद केला, चालू केला. पूर्वेला तोंड करून ठेवला. माळ्यावर चढवला. चार दिवस जेवण गोड लागेना, रडकुंडीला आले बिचारे.

शेवटी राजापूर गाठलं आणि इंटरनेट जोडून देणाऱ्या नाझनीन सोलकरला घेऊन आले. तिनं लॅपटॉप लावला.

"काका, याला केलंत तरी काय?"

"पूजा!"

"त्या भोकात बटण असतं. तुम्ही दाबलंत, माझं सगळं सेटिंग पुसलं गेलं. आता फोनला मदत करणारं एक सेटिंग आपोआप चालू झालंय. ते मध्येच पत्ता बदलतं, तुमचा आवाज भलतीकडेच जातो. बंद करते."

"मदत बंद केली की मदत होणार?" मास्तरांच्या डोक्यावरून गेलं. मला तरी कुठं कळलंय, मंडळी!

फोन लावला. "हॅलो."

"बाबा! ऐकू येतंय तुमचं!"

आणि मास्तर गप्प! चार दिवस भिंतींवर ओरडणारा माणूस — आता ऐकू जातंय म्हटल्यावर शब्द फुटेना! नाझनीन गोंधळली, परत राऊटर बघायला लागली.

"राहू दे पोरी, त्याचं ठीक आहे," मास्तर म्हणाले. मग फोनमध्ये, हळूच — "शुभदा, मी चुकलो. ये."

पलीकडे चिडीचूप. परत बिघडलं की काय? नाही हो! पोर रडत होती.

मंडळी, तुमच्याकडे रेंज फुल्ल! भाऊ शेजारच्या आळीत, सून एका भिंतीपलीकडे. मध्ये कुठला राऊटर अडलाय? ज्यांना सांगायचं राहिलंय, त्यातले अर्धे इथंच मंडपात बसलेत — मला दिसताहेत! आरती पाच मिनिटं थांबवतो. उठा, सांगून या.